मागं कोण उभा?

मित्रांनो, घरात कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लागलं की मोठी माणसं वैतागतात आणि म्हणतात, "काय सारखं तेच तुणतुणं लावलंय!" ते तुणतुणं म्हणजे मी. रागावू नका, पण आज मीही तेच करणार आहे. मी एक जुनं तुणतुणं आहे आणि हैदराबादला विद्यानगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, कपडे धुण्याच्या मशीनवरच्या खिळ्याला लटकलो आहे. मशीन गरगरायला लागलं की भिंत थरथरते आणि माझी सैल तार आपली आपण कुरकुरते. तेवढंच माझं हल्लीचं गाणं. ऐकणारं कुणी नाही.

माझा जन्म परभणीकडच्या एका खेड्यात झाला. उमाजी नावाच्या माणसानं सुताराच्या मागे लागून शिवणीच्या लाकडाचा एक तुकडा आतून कोरून घेतला. तळाला बकऱ्याचं कातडं मढवलं, बाजूला बांबूची काठी बसवली, काठीच्या टोकाला खुंटी ठोकली आणि कातड्याच्या मधोमध भोक पाडून तिथून खुंटीपर्यंत एक तार ताणली. झालं! एवढाच मी. सतारीचा थाट नाही, पेटीची ऐट नाही. धान्याच्या मापाला कुणी काठी बांधून ठेवली असावी तसा दिसतो. पण उमाजीनं मला पहिल्यांदा छेडलं आणि माझ्या लाकडाला कान लावून हसला. त्याची ती सवय शेवटपर्यंत राहिली. वाजवण्याआधी कान लावायचा आणि मगच छेडायचा.

उमाजी शाहीर नव्हता बरं का. शाहीर होता दत्तोबा. डोक्याला भला मोठा फेटा, हातात डफ, आणि आवाज असा की गल्लीच्या एका टोकाला गायला तर दुसऱ्या टोकाची कुत्री उठून बसायची. गावाकडं शेतीवर भागेना म्हणून दोघं हैदराबादला आले, नल्लकुंट्यात एकाच गल्लीत राहिले. दिवसभर लाकडाच्या वखारीत काम करायचे आणि सणासुदीला पोवाडे गायचे. दत्तोबा पुढं उभा राहायचा. उमाजी त्याच्या मागं मला घेऊन उभा राहायचा, आणि दत्तोबाची ओळ संपली की "जी जी रं जी" म्हणून झील धरायचा. टाळ्या पडायच्या त्या पुढच्याला. मागच्याचं नाव कुणी विचारत नसे, आणि उमाजीला त्याचं काही वाटतही नसे. मला मात्र वाटायचं. अहो, पोवाड्याचा सूर धरून ठेवणारे आम्ही, आणि आमच्याकडं कुणी बघायचं नाही!

या दोघांची एक रीत होती, ती नीट लक्षात ठेवा. पोवाडा सुरू करण्याआधी दत्तोबा मागं वळून न बघताच विचारायचा, "उमाजी, हाईस का?" उमाजी तोंडानं उत्तर देत नसे. तो मला एकदा छेडायचा. तुण्! ते ऐकलं की दत्तोबा डफावर थाप मारायचा. मोठ्या सभेत तो आतून घाबरलेला असायचा, हे फक्त उमाजीला आणि मला ठाऊक होतं.

उमाजीचं म्हणाल तर तो सगळ्यालाच भ्यायचा. कुत्र्याला भ्यायचा, विजेला भ्यायचा, पोलिसाची टोपी दिसली तर रस्ता बदलायचा. त्याची बायको तारामती त्याला चिडवायची, "तुमच्या सावलीला सांगा बाई, जरा हळू चाल म्हणावं, दचकतील हे!" तो हसायचा, लहानग्या भारतीला मांडीवर घ्यायचा आणि तिच्या बोटानं माझी तार छेडून घ्यायचा. त्या घरातले ते दिवस आठवले की अजूनही माझा जीव तुटतो.

मग एकोणीसशे सत्तेचाळीस साल आलं. देश स्वतंत्र झाला, पण आमचं हैदराबाद निजामाच्या राज्यात होतं, ते भारतात सामील झालं नव्हतं. बाहेर तिरंगे लागले आणि आमच्याकडं ते पेटीच्या तळाशी लपवावे लागले. रस्त्यांवर रझाकारांच्या बंदुका दिसायला लागल्या. दारं लवकर लागायची. दत्तोबा गायचा तो खिडक्या बंद करून, डफावर फडकं टाकून.

त्या बंद खोलीत पोवाडे ऐकायला एक तरुण यायचा. त्याचं नाव हिम्मतराव. नारायणगुड्याच्या केशवराव वकिलांचा एकुलता एक मुलगा, कॉलेजात शिकणारा, अंगात नेहमी काळी शेरवानी. हैदराबादेत तेव्हा शिकलेला माणूस म्हटला की हिंदू काय, मुसलमान काय, शेरवानीच घालायचा. पुढच्या उन्हाळ्यात या मुलानं ठरवलं की आपण सरहद्दीवरच्या छावणीत जायचं आणि राज्याच्या मुक्तीसाठी काम करायचं. पण शहरात वाढलेला मुलगा! त्याला ज्वारीचं रान आणि करडईचं रान यातला फरक कळत नव्हता. सोबत वाट दाखवणारा कुणीतरी हवा होता.

"मी जातो," उमाजी म्हणाला.

तारामतीला वाटलं, हा थट्टाच करतोय. "तुम्ही? अहो, पाल चुकचुकली तर तुम्ही उठून बसता!"

"भ्या वाटतंयच की," उमाजी म्हणाला. "पण ते पोरगं रानात वाट चुकलं तर कुसुमताईंला काय सांगायचं? सोडून येतो छावणीपर्यंत. आलोच." कुसुमताई म्हणजे हिम्मतरावाची आई. उमाजीनं मला खुंटीला टांगलं, लाकडाला कान लावला आणि तारामतीला बजावलं, "तार सैल करू नको." मग तो गेला.

मित्रांनो, वाट बघणं फार वाईट असतं. माणसं वाट बघताना निदान येरझाऱ्या घालतात. खुंटीवरच्यानं काय करावं? दारावर कुणाचा हात पडला की मला वाटायचं, आला. दूधवाला असायचा. पाऊस सुरू झाला, कातडं दमट होऊन सैल पडलं, आणि उमाजी काही आला नाही.

श्रावणात छावणीकडून एक माणूस निरोप घेऊन आला. त्यानं सांगितलं ते असं. एका नाक्यावर गोळी चालली. काळी शेरवानी घातलेला एक जवान जागीच पडला. गावकऱ्यांनी घाईघाईनं त्याला अग्नी दिला. त्याच्या मागं धोतर नेसलेला, डोक्यावर गाठोडं घेतलेला एक गडी होता, तो रानातून पळून गेला. बस, एवढंच. पण शेरवानी म्हटल्यावर आणखी काय विचारायचं? शेरवानीवाला म्हणजे हिम्मतराव, आणि धोतरवाला म्हणजे उमाजी. सगळ्यांनी तसंच धरलं. रस्ते बंद होते, जाऊन बघणार कोण?

केशवराव वकिलांच्या घरी कुसुमताई दगडासारख्या बसून राहिल्या. जेवेनात, रडेनात, कुणाशी बोलेनात. मुलाचं शेवटचं तोंडही दिसलं नव्हतं, रडायचं तरी कशाला धरून? तेव्हा दत्तोबानं हिम्मतरावावर पोवाडा रचला. मला न्यायला तो तारामतीकडं आला. म्हणाला, "तुणतुणं दे. आपल्या पोराच्या नावानं गायचंय." तिनं डोळे पुसून मला दिलं. वकिलांच्या घरात दारं लावून तो गायला, आणि मागं वखारीतल्या कुणा गड्यानं मला धरलं. त्याच्या बोटांना ना ताल ना माया. आणि मग माझ्याच तारेच्या साथीनं या ओळी आल्या:

काळी शेरवानी अंगात, निघाला वाघ ऐन रंगात,
सोबती पळाला भीतीनं, एकला लढला नेकीनं, जी जी रं जी!

खरं तेच सांगतो. ते गाणं ऐकून कुसुमताई पहिल्यांदा हंबरडा फोडून रडल्या. रडून झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं, दोन घास खाल्ले. मुलगा कसा गेला हे त्यांना कुणीच नीट सांगू शकलं नव्हतं, आणि गाण्यानं त्यांना तो डोळ्यांसमोर उभा करून दाखवला. गाण्यात ही ताकद असते. जे माणसाच्या मनात नुसतं गोळा होऊन बसलेलं असतं, त्याला ते तोंड देतं. पण त्याच गाण्यातली दुसरी ओळ भिंतीपलीकडं गेली, गल्लीत गेली आणि तारामतीच्या दारापर्यंत पोचली.

दत्तोबानं उमाजीचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच नव्हती. हिम्मतरावासोबत कोण गेलं होतं हे गल्लीतल्या लहान पोरालाही माहीत होतं. पाण्याच्या नळावर तारामती गेली की बायका बोलायच्या थांबायच्या. भारतीला पोरं खेळायला घेईनात. "पळपुट्याची पोर!" म्हणायची. दत्तोबा पुन्हा मला मागायला आला तेव्हा तारामती दारात आडवी उभी राहिली.

"दादा, याच तारेवर माझ्या माणसाला पळपुटा म्हणता?"

दत्तोबानं मान खाली घातली. "तारा, पोवाड्यात एक भित्रा असल्याशिवाय दुसरा वाघ दिसत न्हाई," तो म्हणाला. "म्या काय नाव घेतलं का त्याचं?"

"नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं," ती म्हणाली आणि दार लावलं.

त्यानंतर मी तिच्याच खुंटीवर राहिलो. ती शेजारच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या शिंप्याकडून, मास्टरचाचांकडून, काज-बटणांचं काम आणायची आणि दिवसभर खाली मान घालून सुई चालवायची. कपाळाचं कुंकू ठेवावं की पुसावं, हेही तिला ठरवता येत नव्हतं. नवरा गेला म्हणावं तर कुणी मेलेला पाहिला नाही, आणि पळाला म्हणावं तर तिचं मन घेत नव्हतं. कधी कधी ती हातातलं काम ठेवून माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, "तुला तरी खरं वाटतं का रे?" मला बोलता येत नव्हतं. असा राग आला मला माझ्या एका तारेचा!

सप्टेंबरात भारताचं सैन्य आलं. त्याला सगळे पोलीस ॲक्शन म्हणतात. थोड्याच दिवसांत निजामाचं राज्य संपलं, पेटीच्या तळातले तिरंगे बाहेर आले. लोक रस्त्यावर नाचले. पण त्याच दिवसांत खेड्यापाड्यांत मुसलमानांवर सूड उगवला गेला, आणि मास्टरचाचांचा भाचा गावाकडं गेलेला परत आला नाही. त्या मोहल्ल्यातही चुली पेटल्या नव्हत्या, आणि त्यांच्या माणसांवर कुणी पोवाडा रचला नव्हता. इकडं दत्तोबाचा पोवाडा आता उघड्यावर गाजायला लागला. गावोगावची आमंत्रणं येऊ लागली. पोरं रस्त्यानं 'काळी शेरवानी अंगात' म्हणत पळायची. तारामती खिडकी लावून घ्यायची.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी आमच्या दारावर थाप पडली. तारामतीनं दार उघडलं. समोर उमाजीचंच धोतर नेसलेला, दाढी वाढलेला एक माणूस उभा. हातात चुरगळलेला झेंडूचा हार. तिनं आधी धोतर ओळखलं, मग तोंड बघितलं. तो हिम्मतराव होता. जिवंत!

तो उंबऱ्याबाहेरच बसला. आत ये म्हटलं तरी येईना. "वहिनी, आधी ऐकून घ्या," तो म्हणाला. "नाक्यावर माझा चेहरा ओळखीचा झाला होता. म्हणून मीच उमाजीदादाला माझी शेरवानी घालायला लावली. शेरवानीवाल्याला कुणी फारसं अडवत नाही ना. मी त्याचं धोतर नेसलो, गाठोडं डोक्यावर घेतलं. तो मालक, मी गडी. तो पुढं, मी मागं."

"मग?"

"शेरवानी चढवली, पण ती घातलेल्या माणसाला फर्राटेदार उर्दू यायला हवी, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात आलंच नाही. नाक्यावर पहारेकऱ्यांनी विचारलं, 'कहाँ से आ रहे, साब?' दादाच्या तोंडून शब्द फुटेना. वहिनी, त्याचे पाय लटपटत होते. मी मागंच होतो, मला दिसत होतं. त्यानं पाठीमागं हात करून मला खुणावलं, पळ. आणि मी पळालो. तो मात्र वाट अडवून तिथंच उभा राहिला. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. फक्त आवाज ऐकला." हिम्मतरावानं तो हार उंबऱ्यावर ठेवला. "पुढं मला पकडलं. माझ्या नावाचं वॉरंट होतं, म्हणून मी भीतीनं उमाजीचं नाव सांगितलं. तुरुंगात रोज सकाळी 'उमाजी' म्हणून हाक यायची आणि मी 'हाजिर' म्हणायचो. सुटलो तोही त्याच नावानं. पळाला तो दादा नव्हे, वहिनी. पळालो तो मी."

तारामतीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "शेरवानी बसली होती का हो त्यांना? उंच होते ते."

"बाह्या आखूड पडत होत्या."

ती खुदकन हसली. आणि हसता हसता अशी रडायला लागली की कोपऱ्यात खेळणारी भारती धावत येऊन तिला बिलगली. त्या दिवशी तारामतीनं कुंकू पुसलं. मलाही त्याच दिवशी कळलं की आता मला कान लावणारं कुणी येणार नाही.

तो हार कसला, तेही ऐका. आदल्या संध्याकाळी हिम्मतराव शहरात आला तेव्हा दत्तोबा नारायणगुड्यात त्याच्याच मरणाचा पोवाडा गात होता. हिम्मतराव पुढं होऊन ओरडला, "मी मेलो नाही! मेला तो उमाजी!" लोकांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि त्याला खांद्यावर उचललं. दुसरं वाक्य जयजयकारात बुडालं. पळालो तो मी, असं तो सांगू लागला तर लोक म्हणाले, "वा, काय मोठं मन! गड्याला मोठेपणा देतोय!" घरी केशवराव म्हणाले, "तू आलास, आम्हांला सगळं मिळालं. आता हा विषय पुन्हा काढायचा नाही." सगळं शहर त्याला डोक्यावर घेऊन नाचत होतं आणि त्याचं ऐकत कुणीच नव्हतं. त्याच्याइतका एकटा माणूस मी पाहिला नाही, तारामती सोडून.

दत्तोबाला हे कळलं तेव्हा तो तारामतीच्या ओट्यावर येऊन मटकन बसला. "पंचवीस वर्षं माझ्या मागं उभा राहिलेला गडी," तो म्हणाला, "आणि त्यालाच म्या भित्रा केलं." त्यानं तिथंच शब्द दिला की मुक्तीला वर्ष होईल त्या दिवशी नारायणगुड्याच्या मैदानात जुना पोवाडा गाणार नाही, उमाजीचा गाईल. काही महिन्यांनी तो नवं कवन घेऊन आला. उमाजी कसा सिंहासारखा गरजला, त्याच्या डोळ्यांतून कशा ठिणग्या उडाल्या, शत्रूला त्यानं कशा शिव्या घातल्या!

तारामतीनं सुई खाली ठेवली. "दादा, हा कोण? मी नाही ओळखत याला. माझा माणूस झुरळाला भ्यायचा. तो भ्यालाच असणार. भ्याला आणि तरी उभा राहिला, ते सांगा. वाघ नको, सिंह नको."

"भ्याला म्हणलं तर लोक हसतील, पोरी."

"हसू द्या. आणि शिव्या पण नकोत कुणाला. मास्टरचाचांचा भाचा गेलाय. मी त्यांच्या ओट्यावर बसून पोट भरते, त्यांच्या कानावर काय घालू? मारलं त्याचं नाव नको, दादा. गेला त्याचं घ्या."

दत्तोबा चिडला. असा पोवाडा असतो का, म्हणाला. निघून गेला. पुन्हा आला. पुन्हा भांडला. पावसाळाभर हेच चाललं होतं. डफ घेऊन तो रचायला बसायचा आणि डफाच्या थापेबरोबर वाघ आपोआप यायचा. शेवटी वैतागून त्यानं डफ बाजूला सारला, मला खुंटीवरून काढलं आणि नुसतं छेडलं. माझ्या तुण् मागं वाघ काही येईना! तो बराच वेळ तसाच छेडत राहिला. मग सवयीनं त्याच्या तोंडून आलं, "उमाजी, हाईस का?" मागं कुणी नव्हतं. दत्तोबा वळून बघायला लागला, आणि हा एवढा मोठा शाहीर लहान मुलासारखा रडला. त्या रडण्यातून नवं गाणं निघालं.

तो दिवस आला. मैदान भरलं होतं. दत्तोबा पुढं आला तशी माणसं ओरडली, "काळी शेरवानी होऊ द्या!" त्यानं डफ पालथा घालून खाली ठेवला, आणि समोर बघतच विचारलं, "उमाजी, हाईस का?"

मागच्या बाजूनं हिम्मतराव मंचावर चढून आला. अंगात शेरवानी नव्हती, ते जुनं धोतरच होतं. तो दत्तोबाच्या मागं, उमाजीच्या जागी उभा राहिला, मला खांद्याशी धरलं, लाकडाला कान लावला आणि छेडलं. तुण्! ही सवय त्याला कुणी सांगितली? तारामतीनंच सांगितली असणार. मग दत्तोबा गायला, अगदी हळू:

मागं कोण उभा? उमाजी उभा.
भ्याला तरी उभा, उमाजी उभा.
गोळी आली तवा पुढं कोण उभा?
जन्माचा मागला, उमाजी उभा.

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. कुणीतरी "जुनंच म्हणा!" असं ओरडलं. केशवराव उठून निघून गेले. पण कुसुमताई उठल्या त्या वेगळ्या दिशेनं गेल्या. बायकांच्या घोळक्यात तारामती एकटी बसली होती, तिच्याशेजारी जाऊन त्या बसल्या आणि तिचा हात हातात धरला. आणि पुढची ओळ संपली तेव्हा झील त्यांनी धरली, "उमाजी उभा!" मग आणखी एक बाई म्हणाली, मग चार जणी. पुरुष गप्प होते. रीतीप्रमाणं पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपलं नाव घालतो. दत्तोबानं ते घातलं नाही. तिथंही उमाजीचंच नाव आलं. टाळ्या पडल्या नाहीत. तारामती मात्र उठून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हां. हा माझा माणूस!"

मित्रांनो, तुम्हांला वाटेल, मग सगळं चांगलं झालं. कुठलं काय! नव्या गाण्याला आमंत्रणं आली नाहीत. जुना पोवाडा दुसरे शाहीर गात राहिले, कारण गाणं एकदा तोंडातून सुटलं की रचणाऱ्याचंही ऐकत नाही. दत्तोबानं मात्र तो पुन्हा कधी तोंडात घेतला नाही. हिम्मतराव दर सप्टेंबरात यायचा, माझी तार बदलायचा, मला छेडून खुंटीला लावायचा, आणि चहा न घेताच जायचा. केस पांढरे झाले तरी येत राहिला. मग एका वर्षी आला नाही. दत्तोबा त्याआधीच गेला होता, तारामतीही गेली. नल्लकुंट्याचं घर पाडून तिथं दुकानं झाली, आणि भारतीच्या सामानाबरोबर मी इथं विद्यानगरला आलो. आता माझी तार गंजली आहे, कातड्याला चीर गेली आहे. "हे भंगारात देऊन टाकू," असं भारतीचा मुलगा दर दिवाळीला म्हणतो. ती नुसती माझ्यापुढं येऊन उभी राहते.

पण एक गंमत झाली आहे, ती कुणालाच माहीत नाही. तारामती कामावर बसली की ते गाणं गुणगुणायची. गल्लीतल्या पोरांनी ते उचललं आणि त्याचा खेळ केला. एकानं डोळे मिटून उभं राहायचं. बाकीच्यांतलं एक जण गुपचूप त्याच्या पाठीशी येतं. सगळे विचारतात, "मागं कोण उभा?" आणि डोळे मिटलेल्यानं ओळखायचं. नाव चुकलं की सगळे ओरडतात, "उमाजी उभा!" आजही या इमारतीच्या खालच्या अंगणात पोरं हाच खेळ खेळतात. तेलुगू पोरं खेळतात, उर्दू बोलणारी खेळतात. उमाजी कोण हे एकालाही ठाऊक नाही. मी खिळ्यावरून रोज ऐकतो. बरं वाटतं, आणि त्याहून जास्त एकटं वाटतं.

परवा भारतीची नात कमल खेळून धापा टाकत वर आली. तिला मराठी वाचायला जड जातं, बोलते तीही निम्मी हिंदी. मशीनवर चढून तिनं मला खाली काढलं. "आजी, ये क्या है? डब्बा है के गिटार?" म्हणाली आणि माझी तार ओढली. फाटका, घोगरा आवाज आला. पण आला!

आतल्या खोलीत भारती पलंगावर पडली होती. ती हल्ली फारसं बोलत नाही. तिथून तिचा आवाज आला, "उमाजी, हाईस का?"

कमल मला घेऊन तिच्याजवळ गेली. "आजी, तुला पण आमचा गेम माहितीये? लेकिन उमाजी कौन है, कुणालाच नै मालूम."

माझ्या जिवाचा नुसता कान झाला. साऱ्या गल्लीनं पळपुट्याची पोर म्हणून हिणवलं होतं, तेव्हापासून भारतीनं ते नाव कुणापुढंच कधी काढलं नव्हतं.

मित्रांनो, तुम्हांला एवढंच मागतो. माझी तार बदला, कातडं मढवा, ते कराल तर उपकार होतील. पण नाही जमलं तरी चालेल. गाण्यात, खेळात, चौकातल्या दगडावर कुठं एखादं नाव दिसलं तर पुढं पळू नका. हा कोण होता, असं घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि त्याच्या मागं कोण उभं होतं, तेही विचारा. ती माणसं वाट बघत असतात हो, कुणीतरी विचारेल म्हणून. मी पाहिलंय.

कमलनं विचारलं. भारतीनं मला तिच्या हातातून घेतलं, माझ्या लाकडाला कान लावला, आणि म्हणाली, "माझा बाप."